सूरसल्ला : सेलो घेऊन परमुलखात

प्रश्न : माझा 19 वर्षांचा मुलगा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन सेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) शिकतो. आता म्हणतो, अमेरिकेत जाऊन वादक आणि संगीतकार होणार. त्याचे बाबा म्हणतात, ‘ते धूड घेऊन परमुलखात कुणी पोट भरलंय का?’ काय सांगू त्यांना?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, भरलंय. बाबांना व्हिक्टर हर्बर्टचं नाव सांगा.

जर्मनीत श्टुटगार्टला तयार झालेला हा सेलोवादक 1886 मध्ये न्यूयॉर्कला आला, तो खरं तर बायकोमुळे. मेट्रोपॉलिटन ऑपेरा या तिथल्या संगीतनाट्य संस्थेला ती गायिका म्हणून हवी होती. नवऱ्याला वाद्यवृंदात खुर्ची मिळाली. (हे बाबांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा!) पण गडी तेवढ्यावर थांबला नाही. शिकवलं, बँड चालवला, पिट्सबर्गच्या वाद्यवृंदाचं संचालन केलं आणि सतत रचना करत राहिला. 1894 मध्ये त्याने स्वतःचा दुसरा सेलो कन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत वाजवला. ऐकायला प्रसिद्ध चेक संगीतकार द्वोर्झाक बसले होते. एकल वादनासाठी सेलो त्यांना फारसा पसंत नव्हता. पण वर्षभरात त्यांचा स्वतःचा बी मायनर सेलो कन्चेर्टो लिहून तयार! तुमचा मुलगा आज ना उद्या त्यावर बोटं झिजवणारच.

तरी हर्बर्टला पैसा दिला तो ऑपेरेटांनी, म्हणजे त्यांच्याकडच्या संगीत नाटकांनी. न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटात त्याचं गाणं परवानगीशिवाय सादर झालं, तेव्हा तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1917 चा निकाल असा : गाण्याचं वेगळं तिकीट नसलं, तरी गिऱ्हाईक जेवणाच्या बिलातून त्याचे पैसे देतंच. संगीतकारांचं मानधन वसूल करणारी ‘ॲस्कॅप’ ही संस्था 1914 मध्ये उभी राहिली, तेव्हाही तो पुढे होता.

हे लांबवतोय ते मुद्दाम. मी मुंबईत वर्षानुवर्षं सिनेमाच्या गाण्यांत सेलो वाजवला. रेकॉर्डिंग झालं, पाकीट खिशात, विषय संपला. गाणी अजून वाजतात, आम्हाला छदाम नाही. पुढे कीबोर्डमधून तंतुवाद्यांचे आवाज निघू लागले आणि बोलावणीच आटली. तगले ते अरेंजिंग (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बांधणं) येणारे, स्वरलेखन पक्कं असणारे.

म्हणून मुलाला आत्तापासून पियानो आणि हार्मनीला (स्वरमेळाच्या शास्त्राला) बसवा. नुसता हात तयार असून भागत नाही. स्वतःच्या रचना बाहेर येऊ लागल्या की आयपीआरएसचं (‘ॲस्कॅप’सारखी आपल्याकडची संस्था) सभासदत्व घ्यायला लावा. अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांच्या निवडीत निदान पहिली फेरी बहुधा पडद्याआड होते, त्यामुळे नाव-गाव आड येत नाही. व्हिसा मात्र आड येतो : तिथल्या शिक्षणानंतर त्याच क्षेत्रात कामाची मुभा साधारण 12 महिने, पुढचा मार्ग आधीच बघून ठेवावा लागतो.

खर्चाचा हिशेब मांडाल तेव्हा विमानाची दोन तिकिटं धरा. सेलो सामानात टाकायचा नसतो, त्याला शेजारची सीट घ्यावी लागते.