हिटलरच्या बनावट डायऱ्या: तज्ज्ञ खरंच इतके फसले होते का?

'फेकिंग हिटलर' ही जर्मन मालिका पाहून तुम्ही विचारलंय, 'श्टर्न'सारखं मुरलेलं साप्ताहिक आणि तज्ज्ञ हिटलरच्या बनावट डायऱ्या लिहिणाऱ्या एका माणसाकडून एवढे फसले, की मालिकेने ते रंगवून सांगितलंय?

खरंच फसले. स्टुटगार्टचा कोनराड कुयाउ पानांवर चहा ओतायचा, वह्या टेबलावर आपटून जुनाट करायचा. मुखपृष्ठावर लावलेल्या गॉथिक अक्षरांत ॲडॉल्फच्या 'ए'च्या जागी त्याने चक्क 'एफ' लावला होता. अशा सुमारे साठ वह्यांसाठी 'श्टर्न'ने 93 लाख मार्क मोजले.

पण खरी मेख हस्ताक्षराच्या तपासणीत होती. हस्ताक्षरतज्ज्ञ वादातलं पान हिटलरच्या अस्सल लिखाणाशी ताडून पाहतात. इथे 'श्टर्न'साठी डायऱ्या मिळवणारा पत्रकार गेर्ड हायडेमान याच्या संग्रहातून जे 'अस्सल' नमुने दिले गेले, त्यातले काही कुयाउनेच लिहिलेले होते. साहजिकच अक्षर जुळलं! नमुना कुठून आला हे आधी तपासलं नाही, तर कितीही निष्णात माणूस असाच चुकणार. त्यात बातमी फुटेल या धास्तीने सगळं गुप्त ठेवलेलं, त्यामुळे इतिहासकारांना मजकूर निवांत वाचायला मिळालाच नाही. ब्रिटिश इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी आधी डायऱ्या खऱ्या मानल्या आणि 25 एप्रिल 1983च्या पत्रकार परिषदेत जाहीरपणे शंका घेतली.

प्रयोगशाळेत मात्र हे फार टिकलं नाही. अतिनील प्रकाशात कागद चमकला, कारण त्यात शुभ्रता आणणारं रसायन होतं आणि ते कागदात वापरायला लागले युद्धानंतर. बांधणीच्या दोऱ्यात पॉलिएस्टर निघालं. शाईतल्या क्लोराइडच्या तपासणीवरून 1943ची म्हणून दिलेली वही प्रत्यक्षात अगदी अलीकडे लिहिलेली ठरली. मजकुराचा बराच भाग माक्स डोमारुस यांनी संपादित केलेल्या हिटलरच्या भाषणसंग्रहातून उचललेला, त्यातल्या चुकांसकट. 6 मे रोजी जर्मन संघीय अभिलेखागाराचा, डायऱ्या बनावट असल्याचा निकाल जाहीर झाला. 1985 मध्ये कुयाउ आणि हायडेमान दोघांनाही साडेचार वर्षांच्या आसपास तुरुंगवास झाला.

याच प्रकरणावर 1992चा 'श्टोंक' हा चित्रपट आहे. त्यात पात्रांची नावं बदललीत आणि सगळा बाज प्रहसनाचा आहे, म्हणून तपशिलांसाठी त्याच्यावर विसंबू नका. 1991ची ब्रिटिश मालिका 'सेलिंग हिटलर' खऱ्या नावांनी जाते. व्यवहार कसा वाढत गेला ते समजून घ्यायचं असेल तर आधी ती पाहा.