रॅक, फाइल आणि पस्तीस वर्षं

पुणे

प्रिय मुली,

सरकारी संस्थेच्या संगणक विभागात तू रुजू झालीस, मनापासून आनंद झाला. हिंजवडीत गेलेल्या वर्गमित्रांच्या पगाराचे आकडे कानावर येत राहतील. तो फरक खरा आहे, हे मान्य करूनच पुढचं वाच.

तुझ्यापुढे साधारण पस्तीस वर्षं आहेत. तेवढ्यात यंत्रं पाच-सहा वेळा बदलतील. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली ४ पेटाफ्लॉप्सचा (हे गणनेच्या वेगाचं माप) महासंगणक ‘प्रत्यूष’ आला, २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’. मान्सूनचा अभ्यास मात्र अखंड चालू आहे. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना जागच्या जागी आहेत, पण मागची इलेक्ट्रॉनिक्स बदलून एका वेळी टिपता येणारा रेडिओलहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० वर गेला. जुनं काय ठेवायचं, नवं कुठे जोडायचं आणि जोडताना काम कसं बंद पडू द्यायचं नाही, हे ज्याला कळतं त्याला आपल्या क्षेत्रात काम कधी कमी पडत नाही.

सुरुवात यादीपासून कर. प्रत्येक सर्व्हर, स्विच, यूपीएस: अनुक्रमांक, रॅकमधली जागा, खरेदीची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख, त्यावर काय चालतं आणि ते बंद पडलं तर कोणाचं काम अडतं. शेवटचा रकाना सहसा कोणीच भरत नाही, आणि रात्री अकरा वाजता नेमका तोच लागतो. यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बसवल्या तेही लिही. तीन ते पाच वर्षांत त्या दम सोडतात, खोली गरम असली तर आधीच. पॅनेलवर हिरवा दिवा दिसतो आणि मे महिन्यातल्या वळवात वीज गेली की चार मिनिटांत सगळं आडवं होतं. म्हणून गुरुवारच्या देखभालीला वीज बंद असते तेव्हा घड्याळ लावून बघ.

आता खरेदी. तंत्रज्ञ मंडळी इथेच कंटाळतात आणि इथेच मागे पडतात. मंजुरीची फाइलसुद्धा एक यंत्रणाच आहे. तिचे नियम शिकलीस की ती तुझं काम करते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किंवा निविदेत सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडला जातो, म्हणजे जे लिहिलं नाही ते मिळणार नाही. रॅकच्या रेल, पीडीयूला (रॅकमधल्या वीजवाटपाच्या पट्टीला) बसणाऱ्या पॉवर केबल, ऑप्टिकल मॉड्यूल, उभारणी, जुन्या डेटाचं स्थलांतर, पाच वर्षांची जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी, हे सगळं तपशिलात हवं. बिघडलेली डिस्क आपल्याकडेच राहील, ही अटही घाल. नाहीतर वॉरंटीत नवी डिस्क देताना कंपनी जुनी घेऊन जाते आणि तिच्याबरोबर विद्यार्थ्यांची किंवा रुग्णांची माहितीही जाते. एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून तपशील उचलू नकोस. बोलीपूर्व बैठकीत हरकत येते, निविदा रद्द होते आणि वर्ष हातचं जातं. क्षमता लिही, ब्रँड नको.

वेळेचं गणित उलटं मांड. यंत्र जानेवारीत हवं असेल तर मागणीपत्र जून-जुलैत निघायला हवं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुधारित अंदाज मागवतात, तेव्हा तुझा आकडा तयार नसेल तर पैसे दुसऱ्या विभागाकडे वळतात. ३१ मार्चला उरलेला निधी परत जातो. वॉरंटी संपण्याच्या किमान चार महिने आधी देखभाल कराराची फाइल हलव. मधल्या रिकाम्या आठवड्यांतच मदरबोर्ड जातो, असं समजूनच चाल.

टिपणी एका पानात बसव: पार्श्वभूमी, गरज, पर्याय, खर्च, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यातून), लागू नियम आणि नेमकी कशाला मान्यता हवी. ‘मान्यतेस्तव सादर’ लिहिण्याआधी लेखा शाखेतल्या जुन्या माणसाला मसुदा दाखव. ते दहा मिनिटांत सांगतील की सॉफ्टवेअरच्या आगाऊ वर्गणीवर लेखापरीक्षणात काय आक्षेप येईल.

बॅकअपबद्दल माझं मत ठाम आहे: परत आणून पाहिला नाही तो बॅकअप धरूच नये. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत इमारतीबाहेर, एवढं सगळेच जाणतात. बिघडतं वेगळंच. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या कॉपी केलेल्या असतात, त्या उघडतच नाहीत. कूटबद्ध प्रतीची किल्ली त्याच सर्व्हरवर असते. बॅकअपचं यंत्र त्याच डोमेनमध्ये, म्हणजे त्याच लॉगिनच्या ताब्यात असतं, त्यामुळे खंडणीखोर व्हायरस दोन्ही एकदमच गिळतो. दर तिमाहीला तीन महिन्यांपूर्वीचा डेटा वेगळ्या यंत्रावर उभा कर आणि लागलेला वेळ वहीत नोंद.

मराठी नोंदींकडे विशेष लक्ष दे. हे काम बाहेरचा कोणी जिव्हाळ्याने करणार नाही. जुन्या फाँटमधल्या फाइलींत अक्षरं नसतात, आकारांचे क्रमांक असतात, म्हणून फाँट नसलेल्या यंत्रावर कचरा दिसतो. युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. आधी दोनशे नोंदी रूपांतरित कर, त्या लिपिकाकडून वाचून घे, मगच पुढे जा. आणखी एक: ‘ऱ’ हे एका सांकेतांकाने लिहिता येतं किंवा ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखी, शोधाला वेगळी. ‘गोऱ्हे’ आडनाव अर्ध्या नोंदींत सापडत नाही त्यामागे हे असू शकतं. साठवण्यापूर्वीच सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात आण.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. त्या लॉगना लागणारी साठवणीची जागा आजच मोजून ठेव, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच स्रोताशी जुळव.

बढतीचं फार डोक्यात घेऊ नकोस, पण दर महिन्याला चार ओळी लिहून ठेव: काय बंद होतं, किती वेळात चालू केलं, किती खर्च वाचवला. वार्षिक कामगिरी अहवालाच्या वेळी बारा महिने आठवत नाहीत. आणि तुझ्याशिवाय चालणार नाही असं एकही काम ठेवू नकोस. तसं ठेवणाऱ्याला रजा मिळत नाही, प्रशिक्षणाला पाठवत नाहीत, बदली झाली तरी कार्यमुक्त करत नाहीत. ॲडमिनचे पासवर्ड सीलबंद पाकिटात विभागप्रमुखांच्या कपाटात असू देत.

पहिली टिपणी लिहिलीस की मसुदा पाठव, पेन्सिलने खुणा करून परत देईन. आणि बॅकअप परत उभा करायला किती वेळ लागला, तेही कळव.

अनेक आशीर्वाद.