आर्जिरोडाइट: पुस्तक खरं की स्फटिक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोलिव्हियातल्या आर्जिरोडाइटच्या (चांदी, जर्मेनियम आणि गंधक यांच्या खनिजाच्या) फोटोंत स्वच्छ अष्टफलक दिसतात, म्हणजे स्फटिक घनीय (तिन्ही अक्ष काटकोनात आणि सारखे) असायला हवेत, पण पुस्तकात ‘समचतुर्भुजी’ (अक्ष काटकोनात, पण तिन्ही असमान) लिहिलंय. शिवाय एक यादी या खनिजाला साधं सल्फाइड (धातू आणि गंधक यांचं संयुग) म्हणते, दुसरी सल्फोसॉल्ट (आर्सेनिक-अँटिमनीसारखं मूलद्रव्यही असलेलं गंधकाचं लवण). मग चुकतंय कोण?

चुकत कोणीच नाही. हे दोन्ही घोळ या खनिजाच्या जन्मापासूनचे आहेत, आणि दुसऱ्या घोळात तर ज्याने यातलं नवं मूलद्रव्य शोधलं तो माणूसही काही दिवस अडकला होता. मी रसायनशास्त्राचा, खनिजांकडे उशिरा वळलो. जर्मनीत फ्रायबर्गला बर्गअकाडेमीच्या (खाणविद्येच्या संस्थेच्या) खनिजसंग्रहात हा दगड काचेआड पाहिला तेव्हा खरं सांगायचं तर निराशाच झाली. चांदीचं खनिज म्हणून काहीतरी लखलखतं मनात होतं. समोर होता एक काळपट, पुटकुळ्या आल्यासारखा पापुद्रा. आपल्याकडे चांदीचं निरांजन वर्षभर न घासता ठेवलं तर जसं दिसेल, तसा.

आधी गुणधर्म उरकतो. ताज्या फुटीचा रंग पोलादी करडा, त्यात तांबूस झाक. हवेत राहिला की जांभळट होत काळा पडतो. चमक धातूसारखी, कस (घासल्यावर उमटणारी रेघ) करडा-काळा, अपारदर्शक. पाटन (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटणं) नाही, भंजन (एरवीची फूट) खडबडीत ते शंखाभ, म्हणजे शिंपल्यासारखं वक्र. कठिनता सुमारे २.५, म्हणजे नखाच्या जरा वर आणि तांब्याच्या नाण्याच्या खाली. विशिष्ट गुरुत्व ६.२ च्या आसपास, त्यामुळे हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागतो. एका रेणुसूत्रात चांदीचे ८ अणू, जर्मेनियमचा १ आणि गंधकाचे ६. वजनात मांडलं तर चांदी सुमारे ७६.५ टक्के, गंधक १७, जर्मेनियम जेमतेम ६.४. नावाचा मूळ ग्रीक अर्थही ‘चांदीने भरलेला’ असाच आहे. ज्याच्यामुळे हा दगड गाजला त्या जर्मेनियमचा नावात पत्ताच नाही, कारण नाव ठेवलं तेव्हा तो आत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८८५ मध्ये सॅक्सनीत फ्रायबर्गजवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट या चांदीच्या खाणीत हे खनिज सापडलं. खनिजशास्त्राचे प्राध्यापक आल्बिन वाइसबाख यांनी त्याचं वर्णन केलं. फुंकनळीच्या परीक्षेत (नळीने ज्योत फुंकून नमुना तापवण्याच्या) चांदी, गंधक आणि किंचित पारा दिसला. संपूर्ण पृथक्करणाचं काम गेलं त्याच संस्थेतल्या क्लेमेन्स विंकलरकडे. त्याने चांदी मोजली ७४.७२ टक्के, गंधक १७.१३, लोह-जस्त-पारा चिमूटभर. बेरीज ९३.०४. जवळजवळ ७ टक्के गायब.

ज्यांनी कधी प्रयोगशाळेत हाताने पृथक्करण केलंय त्यांना या ७ टक्क्यांची बोच कळेल. अर्ध्या-एक टक्क्याची तूट आपण ‘प्रयोगदोष’ म्हणून वहीत लिहून मोकळे होतो. ७ टक्के म्हणजे एकतर तुम्ही काहीतरी सांडलंय, नाहीतर आत कोणीतरी लपलंय. विंकलरने पुन्हा केलं, पुन्हा केलं. दरवेळी तूट तेवढीच. तूट तेवढीच राहते याचा अर्थ सांडलेलं नाही.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो. हे लपलेलं मूलद्रव्य क्षारयुक्त सल्फाइडात विरघळायचं, म्हणजे आर्सेनिक आणि अँटिमनी ज्या वाटेने जातात त्याच वाटेने. विंकलरला वाटलं, हा त्यांचाच भाऊबंद. पण नेहमीच्या पद्धतीने द्राव जेमतेम आम्ल केला की गंधक खाली बसायचा, आर्सेनिक-अँटिमनी असतील तर तेही यायचे, आणि हा पाहुणा मात्र गाळलेल्या पाण्याबरोबर निघून जायचा. कारण त्याचं सल्फाइड साध्या पाण्यात आणि सौम्य आम्लात विरघळतं. भरपूर आम्ल असेल तेव्हाच ते खाली बसतं. ६ फेब्रुवारी १८८६ रोजी विंकलरने त्या ‘रिकाम्या’ पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सढळ हाताने ओतलं आणि जड, पांढरा साका बसला. पांढरा! आर्सेनिकचं सल्फाइड पिवळं असतं, अँटिमनीचं नारिंगी. तो साका हायड्रोजनमध्ये तापवून त्याने मूलद्रव्य मोकळं केलं आणि त्याला आपल्या देशाचं नाव दिलं. आधी त्याच्या मनात नेपच्यूनवरून नाव ठेवायचं होतं, पण ते आधीच दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं निघालं.

तरीही तो याला आवर्त सारणीत अँटिमनीच्या खालच्या रिकाम्या घरात बसवू पाहत होता. त्या सारणीचा कर्ता, खुद्द मेंडेलेयेव्हनेही सुरुवातीला भलतंच घर सुचवलं, कॅडमियमच्या घराण्यातलं. ब्रेस्लाऊहून रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर फॉन रिश्टरने कळवलं की हा सिलिकॉनखालचा, म्हणजे मेंडेलेयेव्हने १८७१ मध्ये ज्याची कुंडली आधीच मांडून ठेवली होती तो ‘एका-सिलिकॉन’. कुंडली जुळलीही चांगली. भाकीत अणुभार ७२, आजचा ७२.६३. भाकीत घनता ५.५, आजची ५.३२. क्लोराइड १०० अंशांच्या आत उकळेल असं म्हटलं होतं. विंकलरला ते ८६ अंशांना उकळताना मिळालं. (कुंडली म्हटल्याबद्दल रसायनवाले रागावतील, पण निदान ही तरी खरी ठरली.)

अँटिमनी की सिलिकॉन हा प्रश्न १८८६ मध्ये आवर्त सारणीतल्या जागेचा होता. आजच्या वर्गीकरणात तोच प्रश्न ‘सल्फोसॉल्ट की सल्फाइड’ या रूपात उभा राहतो.

प्राउस्टाइट किंवा पायरार्गायराइट ही लालभडक चांदीची खनिजं घ्या. त्यांत आर्सेनिक किंवा अँटिमनी ३ संयुजेने असतो. त्याच्या एका बाजूला गंधकाचे ३ अणू, आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनांची एक न वापरलेली जोडी. आकार बसक्या पिरॅमिडसारखा, अणू शिखरावर. काटेकोर अर्थाने सल्फोसॉल्ट म्हणतात ते यांना. आर्जिरोडाइटमध्ये जर्मेनियम सिलिकॉनच्या वळणावर जातो: संयुजा ४, चारी बाजूंनी गंधकाचे ४ अणू, मधोमध स्वतः. न वापरलेली जोडी नाही, पिरॅमिड नाही, चतुष्फलक आहे. गंधकाच्या ६ अणूंपैकी ४ जर्मेनियमच्या वाट्याला येतात. उरलेल्या २ अणूंचा जर्मेनियमशी काहीच संबंध नसतो, ते निव्वळ चांदीचे सोबती. म्हणून खनिजांच्या श्ट्रुन्झ या प्रचलित वर्गीकरणात हे खनिज सल्फाइडांच्या वर्गात, धातूचं प्रमाण गंधकापेक्षा जास्त असणाऱ्या गटात, तांबे-चांदी-सोन्याच्या सल्फाइडांबरोबर बसतं. गॅलेनात धातू आणि गंधक १ला १, पायराइटमध्ये १ला २, इथे ९ला ६.

ज्या यादीत तुम्हाला ते सल्फोसॉल्ट म्हणून दिसलं, तिथे व्याख्या सैल धरलेली असणार. जर्मेनियम-गंधकाचा चतुष्फलक हा सिलिकेटमधल्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चतुष्फलकासारखा एक आयन मानला, तर आर्जिरोडाइट हे चांदीचं ‘थायोजर्मेनेट’ लवण ठरतं. हेही तर्काला धरून आहे. माझं मत विचाराल तर मी सल्फाइडच म्हणेन, त्या २ मोकळ्या गंधकांमुळे. ज्याचा एक तृतीयांश गंधक उघडउघड साधं सल्फाइड आहे त्याला लवण म्हणायला जीभ रेटत नाही.

आता अष्टफलकांकडे. इथली गंमत अशी की या एका खनिजाने तीन स्फटिकसमूह पाहिलेत. वाइसबाखने सुरुवातीला त्याला एकनत (एक अक्ष तिरका असलेला) ठरवलं, कारण फ्रायबर्गचे स्फटिक बारीक आणि एकमेकांत गुंतलेले होते. पुढे बोलिव्हियातून मोठे, सुरेख स्फटिक आले आणि ते घनीय दिसले. तेव्हा वाइसबाखनेही आपले नमुने पुन्हा तपासून मत बदललं. नंतर क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली तर ती समचतुर्भुजी निघाली.

कारण तापमान. साधारण २२३ अंश सेल्सिअसच्या वर आर्जिरोडाइट खरोखरच घनीय असतो. गंधक आणि जर्मेनियम यांची चौकट पक्की, पण चांदीचे आयन त्या चौकटीतल्या अनेक जागांवर जवळजवळ द्रवासारखे फिरत असतात. सरासरी काढली तर सगळ्या दिशा सारख्या. खडकाच्या भेगेतल्या गरम पाण्यातून स्फटिक वाढतो तेव्हा याच अवस्थेत अष्टफलक तयार होतात. निवताना चांदीचे अणू एकेका जागी स्थिरावतात, सममिती उतरते आणि रचना समचतुर्भुजी होते. बाहेरची मापं जवळपास तीच राहतात, म्हणून आकार मोडत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यासारखं आहे हे: दर्शनी भाग, दिंडीदरवाजा पूर्वीचाच, आत मात्र वारसांनी भिंती घालून खोल्या पाडलेल्या. तुम्ही फोटोत पाहिला तो दर्शनी भाग. पुस्तकाने आतल्या खोल्या मोजल्या.

चांदीच्या साध्या सल्फाइडाचंही असंच होतं. जुन्या संग्रहांत ‘आर्जेन्टाइट’ म्हणून ठेवलेले घन आणि अष्टफलक आज आतून एकनत अकँथाइट असतात.

चांदी चौकटीत अशी मोकळी फिरते या गुणाला अलीकडे भलताच भाव आलाय. चांदीच्या जागी लिथियम, जर्मेनियमच्या जागी फॉस्फरस आणि थोड्या गंधकाच्या जागी क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन घालून तशीच चौकट बांधता येते, आणि मग लिथियम तिच्यातून झरझर सरकतं. २००८ मध्ये जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ही संयुगं पुढे आणली. द्रवाऐवजी घन विद्युत-अपघट्य (आयन वाहून नेणारा पदार्थ) असलेल्या बॅटऱ्यांच्या बातम्यांत ‘आर्जिरोडाइट’ हा शब्द येतो तो यांच्यासाठी. त्यांत चांदी नाही, जर्मेनियम नाही. वाड्याचा नकाशा फक्त घेतलाय. त्यामुळे बॅटरीसाठी कोणी या खनिजाच्या खाणी खणत नाही. जर्मेनियमसाठीही नाही, तो मुख्यतः जस्ताच्या धातुकावर प्रक्रिया करताना आणि काही कोळशांच्या राखेतून मिळतो.

आर्जिरोडाइटचे सख्खे भाऊ मोजकेच. कॅनफिल्डाइटमध्ये जर्मेनियमच्या जागी कथील. पुट्झाइट अर्जेन्टिनातलं, त्यात चांदीच्या बऱ्याच जागा तांब्याने बळकावलेल्या. अल्बर्नाइट रोमेनियातल्या रोशिया मोंटानाचं, २०१४ मध्ये वर्णिलेलं, त्यात काही गंधकाऐवजी टेल्युरियम. आर्जिरोडाइट आणि कॅनफिल्डाइट यांच्यात जर्मेनियम-कथिलाचं मिश्रण हव्या त्या प्रमाणात असू शकतं, सीमा अर्ध्यावर. डोळ्यांनी दोघांत फरक करता येत नाही. नमुना विकत घेणार असाल तर अकँथाइट नाही ना एवढं घरी पाहता येईल: अकँथाइट सुरीने शिशासारखा कापला जातो, आर्जिरोडाइट ठिसूळ असल्याने तडकतो. (चांगल्या स्फटिकावर हा प्रयोग करू नका, मागच्या बाजूच्या कणावर करा.) पुढचं काम इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचं.

आणि लेबलावर विसंबू नका, जुन्या तर नाहीच. येलच्या सॅम्युअल पेनफिल्डने १८९३ मध्ये बोलिव्हियातल्या घनीय स्फटिकांना आर्जिरोडाइटहून वेगळं समजून ‘कॅनफिल्डाइट’ नाव दिलं होतं, न्यू जर्सीतले खाण अभियंते आणि संग्राहक फ्रेडरिक कॅनफिल्ड यांच्यावरून. त्याच वेळी विंकलरचं सूत्रही त्याने दुरुस्त केलं. विंकलरने चांदी ६ आणि गंधक ५ धरले होते. पुढे फ्रायबर्गचा नमुनाही घनीयच निघाला आणि दोन नावांची गरज संपली. तेवढ्यात कथीलवालं खनिज हाती आलं, म्हणून १८९४ मध्ये पेनफिल्डने तेच नाव उचलून त्याला लावलं. तेव्हा कुठे १८९३ चं ‘कॅनफिल्डाइट’ असं लेबल दिसलं, तर डबीत आर्जिरोडाइट असण्याचीच शक्यता जास्त.