ग्रामपंचायतीला पर्यावरणाच्या कामावर खर्चाची मर्यादा असते का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गायरानात झाडं लावायची आहेत, ओढ्यावरचा फुटका बंधारा दुरुस्त करायचाय, पण ग्रामसेवक म्हणतात, "पर्यावरणावर इतका खर्च करता येत नाही, मर्यादा आहे." मी पारोळा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत सदस्य होतो. बोरी नदी उन्हाळ्यात कशी दिसते ते पाहतच वाढलो, म्हणून हे मनापासून लिहितो.

पर्यावरणावर अमुक टक्क्यांच्या वर खर्च करू नका, असा सरसकट नियम नाही. अडचण वेगळी आहे. ग्रामपंचायतीकडे येणारा बहुतेक पैसा कशावर खर्चायचा हे वरूनच ठरून येतं. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा, असा ठेवला. त्यातला अर्धा स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीसाठी, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. त्या हिशेबाने समजा गावाला वर्षाला 10 लाख आले, तर 3 लाख स्वच्छतेचे, 3 लाख पाण्याचे आणि उरलेले 4 लाख अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे. या 4 लाखांतून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही, पण रस्ता, गटार, दिवाबत्ती सगळे याच चार लाखांवर डोळा ठेवून असतात. झाडांचा नंबर लागतो शेवटी.

म्हणून काम कोणत्या शीर्षाखाली बसतं ते आधी बघा. शाळेच्या आणि पंचायतीच्या छतावरचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायचं काम थेट बंधित निधीत बसतं. सांडपाण्याचे शोषखड्डेही बसतात. स्वच्छतेची गरज पूर्ण भागली असेल, तर तो पैसा पाण्याकडे वळवायची मुभा त्या आयोगाने दिली, हे फार कमी सदस्यांना माहीत असतं. वृक्षलागवड अबंधितमधून करता येते. सामाजिक वनीकरण हा विषय राज्यघटनेच्या 11 व्या अनुसूचीतल्या 29 विषयांत आहे, त्यामुळे "हे पंचायतीचं कामच नाही" असं कोणी म्हणू शकत नाही.

स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टीसारख्या पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, फार आशा धरू नका. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि घरपट्टी थकलेली असली की उरलेलं वीजबिलातच जातं. तरीही झाडांना पाणी घालायला थोडी रक्कम तिथूनच काढायला लावा. आमच्याकडे रोपं आणायला पैसे मिळाले, मार्च-एप्रिलमध्ये टँकरला मिळाले नाहीत, आणि खड्डे तेवढे राहिले. या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. रोजगार हमीत लागवडीबरोबर संगोपनाची मजुरीही अंदाजपत्रकात धरता येते, ती धरलीय का ते पाहा. तिथे मजुरी आणि साहित्य यांचं 60:40 प्रमाण सांभाळावं लागत आलंय, म्हणून माती-चराची कामं सोपी जातात, सिमेंटचा बंधारा अवघड.

तुमचं गाव धडगाव, अक्कलकुवा, नवापूर किंवा चोपडा-यावल-रावेरच्या सातपुडा पट्ट्यातल्या पेसा गावांपैकी (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेली गावं) असेल, तर आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के थेट निधीही येतो. जलसंधारण आणि वनसंवर्धन त्यात चालतं. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानावर मात्र सुरुवातीलाच विसंबू नका. तिथे आधी काम, मग गुण, मग बक्षीस.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा एकदा बघून या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून जंगल उभं केलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाला. निधीइतकीच गावाने घालून घेतलेली शिस्त तिथे कामाला आली.

आता तुम्ही काय करायचं? आधी सातबारा काढून जागा नेमकी कोणाची ते बघा. वनविभागाची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय कुदळ मारू नका. मग ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचा विकास आराखडा उघडा, तो कोणालाही दिसतो. तुमचं काम त्यात नसेल तर वित्त आयोगाचा पैसा त्याला लागणार नाही. पुरवणी आराखड्यात घ्यायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो. 100 मतदार किंवा एकूण मतदारांचे 15 टक्के, यांतला कमी आकडा धरून कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) होतो, तेव्हा बायाबापड्यांना सोबत न्या, मर्यादा कोणत्या शासन निर्णयात आहे ते ग्रामसेवकांना सभेतच विचारा, आणि त्यांचं उत्तर व तुमचा ठराव दोन्ही प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, लिहून घ्या.