आरएनए सापडला, पण विषाणू जिवंत आहे का?

प्रश्न : कोविडमधून बरा झाल्यावरही माझ्या भावाची आरटी-पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येत होती. इतके दिवस त्याच्या अंगात जिवंत विषाणू होता का? प्रयोगशाळेत हे ओळखतात कसं?

उत्तर : नुसत्या पीसीआरवरून ते कळत नाही. ती विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचा, एक तुकडा शोधते. तो तुकडा धडधाकट विषाणूतला असो की मोडून पडलेल्या, रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो. सौम्य कोविडमध्ये लक्षणं सुरू झाल्यावर साधारण 10 दिवसांनी घेतलेल्या नमुन्यातून विषाणू क्वचितच वाढवता येतो. पीसीआर मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं.

खरा निवाडा जिवंत पेशीच करतात. मी पेशीसंवर्धनाचं काम करते आणि माझी सर्वांत आवडती पद्धत म्हणजे प्लाक अ‍ॅसे. विषाणूशास्त्रज्ञ रेनातो दुल्बेको यांनी 1952 मध्ये ती प्राण्यांच्या विषाणूंसाठी बसवली.

प्लेटच्या खळग्यांत पेशींचा एकसंध थर वाढवायचा. आम्ही बऱ्याचदा व्हेरो पेशी घेतो. त्या माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या आहेत आणि त्यांना इंटरफेरॉन हे विषाणूंना रोखणारं प्रथिन तयार करता येत नाही, म्हणून पुष्कळ विषाणू त्यांच्यावर सहज वाढतात. मग नमुना दर पायरीला दहापट पातळ करत जायचा. इथे प्रत्येक वेळी पिपेटची टीप बदलावीच लागते. जुन्या टीपला चिकटलेला दाट नमुना पुढची सगळी मोजणी बिघडवतो. विषाणू पेशींना चिकटला की वरून कोमट अगार, गार झाल्यावर जेलीसारखं घट्ट होणारं. ते जास्त गरम पडलं तर पेशी त्यानेच मरतात. एक खळगा विषाणूविना ठेवतात तो अशा चुका पकडायला.

अगारमुळे नवे विषाणू द्रवात पसरत नाहीत, फक्त शेजारच्या पेशींना गाठतात. काही दिवसांनी फॉर्मलिन घालून, अगार काढून, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की जांभळ्या थरात पांढुरके गोल डाग, म्हणजेच प्लाक, उठून दिसतात. तिथल्या पेशी मेलेल्या असतात. एक डाग म्हणजे सुरुवातीला संसर्ग करू शकलेला एक विषाणू. लाखपट पातळ केलेल्या नमुन्याच्या 0.1 मिलिलिटरमधून 42 डाग आले, तर मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला 4 कोटी 20 लाख संसर्गक्षम विषाणू! सूक्ष्मदर्शकाशिवाय, डोळ्यांनी डाग मोजून हा आकडा मिळतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मग प्रत्येक रुग्णासाठी हे का करत नाहीत? निकालाला काही दिवस लागतात आणि कोविडचा विषाणू वाढवायला बीएसएल-3 दर्जाची, म्हणजे कडक जैवसुरक्षा असलेली, प्रयोगशाळा लागते. शिवाय सगळेच विषाणू असे वाढत नाहीत. माणसाला जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस कित्येक वर्षं प्रयोगशाळेत दाद देत नव्हता. 2016 मध्ये मानवी आतड्याच्या पेशींपासून घडवलेल्या सूक्ष्म ऊतींवर तो वाढवता आला.