वाचकांचे प्रश्न : पावसातली पायी वारी

माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

यंदा पहिल्यांदाच वारीला निघतोय. पावसात बूट बरे की चपला? (वाचक, सांगली)

टाचेला मागून पट्टा असलेले सँडल घ्या, आणि ते निदान महिनाभर पायात वापरलेले असू द्या. बुटात एकदा पाणी शिरलं की मुक्कामावर रात्रभरात तो वाळत नाही, पहाटे तोच ओला बूट चढवावा लागतो. चामड्याची चप्पल भिजून सैल होते. स्लीपर चिखलात रुतते. ती सुटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात.

फोडांना जितकं चालणं कारण, तितकीच ओल. भिजून पांढरी पडलेली कातडी मऊ होते. पट्टा तिच्यावर घासत राहिला की वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. म्हणून पहाटे निघताना टाचा, बोटांच्या बेचक्या आणि पट्टा लागतो त्या जागी व्हॅसलीन चोळा. प्रत्येक विसाव्याला सँडल काढून खडे झटका, पाय पुसा, दहा मिनिटं उघडे ठेवा. रात्री मात्र व्हॅसलीन नको. पाय साबणानं धुवा, बेचक्यांतून पंचा फिरवा, पावडर टाका आणि कोरडे मोजे घाला. हे मोजे फक्त झोपण्यासाठी. सकाळी कितीही थंडी वाजली तरी ते घालून चालायचं नाही. पावसातल्या वारीत दिवसा भिजणं टळत नाही, पण रात्री अंग आणि पाय कोरडे राहिले तर दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहतो.

कुठे चुरचुरू लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हणालात की फोड आलाच समजा. लहान फोड तसाच राहू द्या. मोठा असेल, टाच टेकू देत नसेल, तर जागा साबणानं धुऊन निर्जंतुक सुईनं कडेला टोचा आणि हलक्या हातानं पाणी काढा. वरची कातडी ओढू नका, तिच्याखालीच जखम भरते. वर मलम आणि पट्टी. काही जण फोडात दोरा ओवून ठेवतात. ते करू नका. त्या दोऱ्यावाटे चिखलाची घाण थेट आत जाते.

पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. नवख्यांचे पाय इथेच जातात. सासवडला पालखीचा दोन रात्रींचा मुक्काम असतो, तो दिवस पायांसाठी राखून ठेवा.

रेनकोट घ्यावा का? (वाचक, नाशिक)

बंद रेनकोटात चालताना माणूस घामानं आतूनच भिजतो. डोक्यावरून पाठीवर सोडलेला प्लास्टिकचा कागद यापेक्षा सोयीचा, कारण बाजूंनी वारा खेळतो. छत्री दिंडीच्या रांगेत शेजारच्याच्या डोळ्याला लागते. ओल्या सुती कपड्यानं मांड्या काचतात. आत घट्ट, लवकर वाळणारी अर्धी चड्डी घाला. ट्रकमधल्या पिशवीत कपड्यांचा प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधा.

आमच्या दिंडीच्या राहुट्यांत दर वर्षी पाणी शिरतं. काय चुकतं? (दिंडीचालक, परभणी जिल्हा)

बहुतेक वेळा जागा आणि ताडपत्री. ट्रक लवकर पोहोचला की सपाट, मऊ जागा बघून राहुट्या ठोकल्या जातात, आणि पाणी नेमकं तिथेच साचतं. थोडा उतार असलेली, गवताची जागा निवडा. बांधाच्या खालची टाळा. राहुटीभोवती वीतभर खोल चर काढा आणि तो उताराच्या बाजूला मोकळा सोडा. नुसता गोल चर भरून आतच फुटतो.

खाली अंथरलेल्या ताडपत्रीची कड राहुटीच्या बाहेर डोकावत असेल, तर कापडावरून निथळलेलं पाणी तिच्यावर पडून सरळ अंथरुणाखाली येतं. कड चारी बाजूंनी आत घ्या आणि चार बोटं वर दुमडा. आतून कापडाला पाठ किंवा पिशवी टेकू देऊ नका, टेकलेल्या जागी ते झिरपतं.

दोऱ्यांचंही बघा. सुती दोरी भिजली की आखडते आणि खुंटी उपटते, म्हणून पावसाआधी जरा सैल सोडा. नायलॉनची उलट ढिली पडते, ती झोपण्यापूर्वी पुन्हा ताणा. काळ्या मातीत आखूड खुंटी टिकत नाही. हातभर लांब, राहुटीपासून बाहेर कललेली ठोका.

आईचं वय ६२, मधुमेह आहे. तिला पाठवावं का? (वाचक, ठाणे)

डॉक्टरांनी तळपायांची संवेदना तपासून होकार दिला तर जाऊ द्या. संवेदना कमी असेल तर फोड किंवा काटा कळतच नाही. रोज रात्री दुसऱ्या कुणीतरी बॅटरी लावून त्यांचे तळवे आणि बेचक्या बघायच्या. लाली, सूज, काळसर डाग किंवा वास दिसला तर त्याच रात्री वैद्यकीय पथकाकडे न्या. अनवाणी चालणं त्यांच्यासाठी वर्ज्य.

चालण्यानं साखर उतरते, त्यामुळे औषधाचा डोस आधीच ठरवून घ्या. दिवे घाटाचा टप्पा ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास येतो. त्या दिवशी निरंकार उपास त्यांनी करू नये. ग्लुकोज कमरेच्या पिशवीत हवं, ट्रकमध्ये नाही.

सगळी वाट पावसाचीच असते का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. कोकणातल्यासारखी झड इथे क्वचितच लागते. पुणे-सासवड पट्ट्यात पावसाची शक्यता जास्त. नीरा ओलांडून फलटण, माळशिरसकडे वळलात की मुलूख पर्जन्यछायेचा. तिथे अनेकदा ऊनच भाजतं आणि भिजून नाजूक झालेले पाय तापलेल्या डांबरावर पोळतात. टोपी ठेवाच. जुलाब किंवा ग्लानी आली तर जलसंजीवनी घ्या : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात आणि घरी परतल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना तेवढं आवर्जून सांगा. लेप्टोची (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तपासणी करायची की नाही, ते त्यावरच ठरतं.