फेररचना झाली की चांगली माणसंही अंग का चोरतात?

फेररचना जाहीर झाल्यापासून टीममधली चांगली माणसंही अंग चोरू लागलीत, हा बदलाला विरोध समजायचा का, असं तुम्ही विचारलंय. मी अशा दोन फेररचना पाहिल्यात, एक हाताखालचा म्हणून, दुसरी मॅनेजर म्हणून. विरोध मला दोन्हीकडे फारसा दिसला नाही.

पहिल्या वेळी शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, तुमचा विभाग दुसऱ्यात विलीन. सोमवारी कुणी भांडलं नाही, फक्त मीटिंगमधले प्रश्न बंद झाले. नव्या पद्धतीतली चूक मला दिसत होती, तरी गप्प बसलो. ज्यांनी ठरवलंय ते निस्तरतील! नेमून दिलेलं काम होत राहिलं. नवख्याला शिकवणं, शेजारच्याचं अडलेलं सोडवणं, हे आपणहून व्हायचं ते थांबलं. अहवालात ते कधी नव्हतंच, त्यामुळे वरच्यांना पत्ताच लागला नाही.

लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या संशोधकांचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. अमेरिकेत व्हर्जिनियातला पायजमे शिवणारा कारखाना. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला. त्यांचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही, आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांत सगळ्यांना बदल आखायलाच बसवलं, ते लवकर सावरले आणि आधीच्या वेगापेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. गट लहान होते, आकड्यांना फार चिकटू नका. मला खरी गोष्ट पुढची वाटते. पहिल्या गटातल्या उरलेल्यांना अडीच महिन्यांनी अशाच सहभागाने नव्या कामावर नेलं, तेव्हा तीच माणसं झपाट्याने सावरली.

माणसं कमी केली असतील तर प्रकरण वेगळं. उरलेल्यांना पुढचा नंबर आपला वाटत असतो, तिथे आधी त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं.

दुसऱ्या वेळी निर्णय माझ्याही हातात नव्हता. टीमला तसं सरळ सांगितलं. सगळं ठरल्यावर ‘मतं कळवा’चा फॉर्म फिरवला नाही, त्याने लोक जास्त चिडतात. कोण कुठलं काम घेणार आणि जुनं कधी बंद करायचं, एवढंच आमच्या हातात होतं, ते त्यांच्यावर सोपवलं. तिसऱ्या दिवशी एकाने माझ्या वेळापत्रकातली चूक सगळ्यांसमोर दाखवली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.